यादीतलं पाचवं पुस्तक

लोणावळे, ता. ९ ऑगस्ट १९३७

चि. चंद्रिका हिस आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतला. सहा वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यातही ही लबाडी, असं म्हणशील. म्हण. इंदूरचा तुझा पत्ता मुलींच्या शाळेतल्या मुक्ताबाईंनी दिला. तू त्यांना दर दिवाळीला लिहितेस हे मला आता कळलं.

सासूबाई चैत्रात गेल्या. फार हाल झाले नाहीत.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. बाजारपेठेतल्या आपल्या वाचनालयात आता स्त्रियांसाठी वेगळं कपाट झालं आहे, आणि त्याची किल्ली माझ्याकडे दिली आहे. हे कमिटीवर आहेत म्हणून, आणि बाकी सभासदांच्या घरी वाचणारी बाई नाही म्हणूनही. दर गुरुवारी दुपारी मी तिथल्या ओसरीवर बसते. ज्यांना वाचता येतं त्यांना पुस्तकं देते, ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवते. आता नवी पुस्तकं घ्यायची आहेत. पुण्याच्या दुकानांचे कॅटलॉग आले आहेत. त्यांत प्रत्येक पुस्तक अपूर्व आणि प्रत्येक पुस्तक प्रत्येक घरात हवंच. मी काय निवडणार? तू इथं होतीस ती चार वर्षं तू पाटावर बसून वाचायचीस आणि मी पोळ्या लाटत ऐकायची. पुस्तक मी कधी निवडलंच नाही गं. तू गेल्यावर तर वाण्याच्या पुडीचा कागद सोडून मी फारसं काही वाचलेलं नाही.

यंदा निघालेल्यांपैकी चांगली अशी पाच पुस्तकं सांगशील? सगळी एका तऱ्हेची नकोत. बायका तऱ्हेतऱ्हेच्या येतात.

तू निरोप घ्यायला आलीस त्या दिवशी मी घरी नव्हते, हे शेजारच्या रतनबाईंनी तुला सांगितलंच होतं. आणि लग्नाच्या दिवशी मला ताप होता.

गंगाधररावांना नमस्कार सांगायला हरकत नसावी.

तुझी ताई

*

लोणावळे, ता. ३ सप्टेंबर १९३७

चि. चंद्रिका हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. वर मायना नाही, खाली सही नाही, नुसती पाच नावं. तरी मी ते दिवसभर कमरेला खोचून हिंडले. शेवटच्या नावापुढे तू लिहिलं आहेस, 'हे घेशील असं वाटत नाही.'

पहिली चार मागवली आणि आली. बाळंतपणाचं, त्या लेडी डॉक्टरीण बाईंचं, 'सुखप्रसूती आणि बाळाचे पहिले वर्ष'. ब्रह्मदेशातल्या प्रवासाचं 'इरावतीच्या काठी सात महिने'. शाळामास्तरीण बाईंच्या कवितांचं ते पातळ पुस्तक. आणि 'तेराव्या डब्यातील उतारू'. पाचव्याचं पुढच्या खेपेला पाहू. या वेळी पार्सल आधीच जड झालं होतं.

'तेराव्या डब्या'ची गंमत सांगते. खुनाची गोष्ट म्हणून मी घाबरत घाबरत आणली. ती ह्यांच्या हाती लागली. तुला ठाऊक आहे, स्टेशनातल्या पार्सल ऑफिसातून आले की हे वर्तमानपत्राशिवाय काही धरत नाहीत. रविवारी सकाळी बसले ते जेवायला दोनदा हाक मारावी लागली. संपवून म्हणाले, लेखकाला अक्कल नाही, कर्जतला मागून दुसरं इंजिन लावल्याशिवाय गाडी घाट चढतच नाही, आणि ह्याची गाडी कर्जतला थांबतही नाही. खुनी पळाला तो थांबलेल्या गाडीतूनच पळाला असता, पोलिसांना तेवढंही कळू नये. मी विचारलं, मग पुस्तक परत पाठवू का? तर म्हणाले, छे, आधी पार्सल क्लार्कला वाचायला देतो.

प्रवासाच्या पुस्तकानं तर आमच्या गुरुवारची बैठक दुप्पट केली. एकटी बाई होडीत बसून परक्या नदीतून जाते, हातानं भात शिजवते, आणि कोणाला भीत नाही. रतनबाईंनी विचारलं, हिच्या नवऱ्यानं सोडलं कसं? मी म्हटलं, पुढच्या पानावर असेल. पुढच्या पानावर नव्हतंच. दुसऱ्या गुरुवारी कोणी विचारेनासं झालं.

कवितांचं पुस्तक मी घरी ठेवून घेतलं आहे. अजून कोणाला दिलेलं नाही.

तुझी ताई

*

लोणावळे, ता. ३० सप्टेंबर १९३७

चि. चंद्रिका हिस आशीर्वाद.

या खेपेला तुझं कार्ड नाही, तरी लिहिते.

वळवणच्या बयाबाई सुईणीला तू पाहिलं असशील. उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदण. रानभाजी घेऊन बाजाराला येते. पावसासाठी आमच्या ओसरीवर टेकली, आणि मी तेव्हा बाळंतपणाचं पुस्तक वाचत होते. ऐकता ऐकता टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, ह्ये कुनी लिवलंय?"

मी म्हटलं, डॉक्टरीण बाईंनी.

"तिला सोताला किती पोरं हायती?"

ते पुस्तकात नव्हतं. बयाबाई म्हणाली, मग वाचा म्होरं, बघू काय म्हनती ती. तेव्हापासून दर गुरुवारी येते आणि पुस्तकाशी भांडते. बाळंतिणीला हवेशीर खोली हवी म्हटलं की हिचं म्हणणं, मावळातल्या वाऱ्यानं म्हैस आखडती, तिथं बाळंतीन काय टिकनार. पण मूल आडवं असेल तर पोटावरून कसं वळवावं ते वाचलं तेव्हा म्हणाली, ह्ये बराबर लिवलंय, बाई शानी हाय. बायका हसल्या. मलाही फार बरं वाटलं. पुस्तक म्हणजे मुकाट ऐकायची गोष्ट, असंच मी समजत आले होते.

तू हेच पुस्तक यादीत पहिलं का घातलंस? सहज विचारते.

तुझी ताई

*

लोणावळे, ता. ४ नोव्हेंबर १९३७

चि. चंद्रिका हिस आशीर्वाद.

दिवाळी झाली. चंदू, माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे, ती तुलाच सांगते.

बाळंतपणाच्या पुस्तकात नाळ कापण्याचं प्रकरण आलं. त्यात लिहिलं आहे की विळ्याला, दोऱ्याला मळ असतो, तो नाळेतून अंगात जातो आणि आठवड्याच्या आत मुलाला धनुर्वात होतो. म्हणून कापायचं ते हत्यार आणि दोरा वीस मिनिटं उकळावा. मी एका दमात वाचून गेले. बयाबाई नेहमीसारखी भांडली नाही. म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं.

मग तिनं हळूच सांगितलं की तिच्याकडं आठव्या दिवशी जाणारी पोरं पुष्कळ. तोंड मिटतं, अंग ताठतं, दूध ओढत नाही. सगळे म्हणतात सटवाईनं नेलं. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "म्हंजी सटवाईनं न्हाई न्हेली. माज्या इळ्यानं न्हेली. व्हय ना?"

मी पुस्तक मिटलं. ती टोपली उचलून गेली. त्यानंतर चार गुरुवार झाले, ती आलेली नाही. बाजारातही दिसत नाही. वळवणात दोन घरी बाळंतपणाला बोलावलं तर गेली नाही म्हणतात.

एवढं वाचून दाखवायची मला काय गरज होती? ते पान उलटून पुढे गेले असते तर कोणाला कळलं असतं? पण मग पुढचीही पोरं गेली असती. दोन्ही बाजूंनी विचार करते आणि सुचत काही नाही.

तुझं पाचवं पुस्तक मागवलं आहे.

तुझी ताई

*

लोणावळे, ता. २ डिसेंबर १९३७

चि. चंदूस,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी तू नाव घातलंस, पण माझं नाही. 'बयाबाईंना सांग, माझा मुलगाही आठव्या दिवशी गेला. माझी सुईण चांगली होती, मायेची होती. ते पुस्तक मला नंतर मिळालं, तसंच बयाबाईंनाही.'

मी उभ्याउभ्या वाचलं आणि उंबऱ्यावरच बसले. कधी झालं हे? तुझ्याजवळ कोण होतं? पुस्तक यादीत पहिलं का, म्हणून मी सहज विचारते काय. माझं मलाच वाचवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चालत वळवणला गेले. बयाबाई अंगणात भात पाखडत होती. मला बघून उठली नाही. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"पोरगं व्हतं का?"

मी म्हटलं, हो, मुलगा.

"नाव काय ठिवलं व्हतं?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "भन ना तुमची? मग इचारा की तिला."

म्हणून विचारते, चंदू. त्याचं नाव काय होतं?

त्या गुरुवारी बयाबाई आली. तेच प्रकरण पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. बाजारातून नवी कात्री घेतली, आणि मला म्हणाली, वीस मिन्टं म्हंजी किती? घड्याळ कुठून येणार? आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. डेगचीभर पाणी उकळून निम्म्यावर येईतोवर, म्हणजे वीस मिनिटांहून जास्तच. गेल्या पंधरवड्यात तिनं वळवणात एक बाळंतपण केलं. काल दारात येऊन एवढंच म्हणाली, "आज नववा दिस. दूध वढतंय." आणि भाजीची जुडी ठेवून गेली.

आता पाचवं पुस्तक. 'पुन्हा संक्रांत' मी वाचलं. दोनदा. विधवा झालेली मुलगी पुन्हा लग्न करते, आणि पहिल्या संक्रांतीला वाण घेऊन थोरल्या जावेच्या दारी जाते, तिथे मी पुस्तक मिटलं. दोन दिवसांनी पुढे वाचलं. मग ते कपाटात ठेवलं. तीन आठवड्यांत अकरा बायकांनी नेलं. एका प्रतीत अकरा जणी म्हणजे ते कपाटात बसतच नाही.

ते चेअरमन विनायकराव वकिलांच्या कानावर गेलं आहे. त्यांनी पुस्तक काढून घेतलं आणि कमिटीची सभा बोलावली आहे. मलाही खुलासा द्यायला हजर राहायचं आहे. विनायकरावांच्या शब्दाबाहेर हे कधी गेलेले नाहीत, तुला माहीत आहे.

ताई

*

लोणावळे, ता. १९ डिसेंबर १९३७

चि. सौ. चंद्रिका हिस अनेक आशीर्वाद.

हा 'सौ.' मी याआधी कधी लिहिला नाही. विसरून नव्हे. प्रत्येक पत्राला लेखणी तिथं थांबायची, आणि मी पुढे जायची. हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं मी समजत नाही.

सभा काल झाली. सातजण खुर्च्यांवर, मी दाराशी बाकावर. विनायकराव शांतपणे बोलले. माणूस वाईट नाही. म्हणाले, पुस्तक चांगलं लिहिलेलं आहे, म्हणूनच जास्त वाईट. असा विवाह केलेली बाई पुढे सुखानं नांदते, माहेरचेही तिला जवळ करतात, हे लेखकाच्या कल्पनेतलं. प्रत्यक्षात कोणी पाहिली आहे अशी बाई?

मी उठले. म्हटलं, "मी पाहिली आहे. माझी धाकटी बहीण आहे."

त्यांना हे ठाऊक होतं, चंदू. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त आमच्या घरातून कोणी ते उच्चारलेलं नव्हतं. मग विनायकरावांनी विचारलं, "बरं. मग ती सुखात आहे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. सहा वर्षांत मी तिला विचारलंच नाही. तिचं मूल गेलं तेही मला एका कार्डावरून कळलं. हे पुस्तक वाचल्यावर विचारावंसं वाटलं. म्हणून ते कपाटात असावं."

मी परत बाकावर बसले. मतं घेतली. ठेवावं म्हणून तीन हात वर झाले, काढावं म्हणून चार. तीनमधला एक हात ह्यांचा होता. सगळ्यांत उशिरा वर आला, पण आला. पुस्तक बाद झालं. मग हे म्हणाले, बादच करायचं तर मी ते विकत घेतो. आता ते आमच्या फडताळात आहे, आणि आज सकाळपासून दोघी येऊन विचारून गेल्या.

आता तुला जे लिहायचं ते लिहिते.

लग्नाच्या दिवशी मला ताप नव्हता. मी नेसून, केसांत फूल घालून, गाडीची वेळ टळेपर्यंत बसून राहिले. आणि तुम्ही दोघं निरोप घ्यायला आलात तेव्हा मी घरातच होते. कवाडाच्या मागे. सासूबाई देवघरात होत्या. मागच्या दारानं रतनबाईंना मीच पाठवलं, इंदिरा घरी नाही असं सांगा म्हणून. तू ओट्यावर होतीस, गंगाधरराव पायरीखाली. तू म्हणालीस, "बरं. ताईला सांगा, मी येऊन गेले." तुझ्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग तुम्ही आळीच्या वळणाला जाईपर्यंत मी फटीतून बघत होते.

बयाबाईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

सुखात आहेस का, चंदू?

तुझी ताई

*

लोणावळे, ता. २० डिसेंबर १९३७

सौ. चंद्रिकाबाई यांस, दिगंबरचा सप्रेम नमस्कार.

सोबतचे पत्र पोस्टात टाकण्याकरिता इंदिरेने मला दिले. तिच्या संमतीने मी ते वाचले. त्यात एक गोष्ट लिहावयाची राहिली आहे. ती राहिलेली नसून तिने मुद्दाम वगळली आहे, म्हणून मी लिहीत आहे.

त्या दिवशी मीही घरात होतो. तुमचा आवाज ऐकून इंदिरा दार उघडावयास निघाली. तिने कडीला हात घातला होता. मी तिचे मनगट धरले आणि म्हणालो, "दार उघडलेस तर आई अन्न सोडील." वास्तविक आई काहीच बोलली नव्हती. ती पूजेत होती, दाराशी कोण आले हे तिला कळलेसुद्धा नव्हते. मी आईचे नाव पुढे केले. भीती माझी स्वतःची होती. ऑफिसात काय म्हणतील, कमिटीत काय म्हणतील, एवढीच. रतनबाईंना काय सांगायचे ते शब्दही माझेच.

सहा वर्षांत इंदिरेने हे मला एकदाही ऐकवले नाही. आज तुम्हालाही कळविले नाही. परवा सभेत ती उभी राहिली तेव्हा मी तिच्या त्या मनगटाकडेच पाहत होतो.

हे लिहिल्याने काही भरून येते असे मी मानत नाही. पण दोष ज्याचा त्याच्या नावावर असावा.

आपण आणि श्री. गंगाधरराव आलात तर मी स्टेशनावर हजर राहीन. सामानाची काळजी करू नये.

आपला,
दिगंबर

*

इंदूर, ता. ३ जानेवारी १९३८

ती. ताईस साष्टांग नमस्कार, ती. भाऊजींसही.

दोन्ही पत्रं आम्ही एकत्र वाचली. आधी मी मोठ्यानं वाचत होते, मग मला जमेना, तेव्हा उरलेलं ह्यांनी वाचलं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. बाळाचं नाव ठेवलं नव्हतं. बाराव्या दिवशी ठेवायचं होतं. हे त्याला मनातल्या मनात सोपान म्हणत. मला ते त्याच्या मागून तीन महिन्यांनी सांगितलं. आता बयाबाईंनाही सांग, त्यांनी विचारलं म्हणून.

सुखात आहे का, याचं उत्तर एका ओळीत येत नाही. घर दोन खोल्यांचं, उन्हाळ्यात तापतं. हे चहात इतकी साखर घालतात की मला तो पिववत नाही, आणि मी तो पिते. बाळ गेलं त्या वर्षी आम्ही दोघं आठ-आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही, मग एका सकाळी हे उठून माझ्या केसांतली गुंत सोडवत बसले. शाळेत मुली माझं ऐकतात. हो, ताई, बहुतेक मी सुखात आहे. पण तुला हे सांगायला मिळत नव्हतं, त्यामुळे मला स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं.

कवाडामागे तू आहेस हे मला तेव्हाच कळलं होतं. खालच्या फटीतून तुझी पावलं दिसत होती. जोडवी मी नाही का ओळखणार? भाऊजींचं मात्र माहीत नव्हतं. ते त्यांनी स्वतः लिहिलं, हे बरं केलं.

बयाबाई सुपाजवळ बसून माझं कार्ड ऐकतात, ते पत्र मी उशाशी ठेवलं होतं. तू चालत वळवणला गेलीस, हे वाचलं तेव्हाच मी मनात यायचं ठरवलं होतं. पण तुझं तू लिहिलेलं मला हवं होतं.

आम्ही अठरा तारखेला निघतो. खांडव्याला गाडी बदलून वीसला सकाळी पोचू. ह्यांना चारच दिवस राहता येईल, मी महिनाभर राहणार आहे. गेल्या वर्षात निघालेली आणखी सहा पुस्तकं आणते. त्यांतलं एक मुलांचं आहे आणि एक निव्वळ हसायचं.

आणखी एक, ताई, आधीच सांगून ठेवते. माझा राग गेलेला नाही. पत्रातून तो जाईल असं मला वाटलं होतं, पण नाही गेला. तो बरोबर घेऊनच येते आहे. पहिले चार-सहा दिवस मी तुला खूप बोलेन, तू रडशील, मीही रडेन. तू मध्ये बोलू नकोस आणि स्वयंपाकाचं निमित्त करून उठू नकोस. माझं सगळं बोलून झालं की मग आपण जेवायला बसू.

तुझी
चंदू